दार धरून बसलेली डबी

मित्रांनो, मी एक जुनी डबी आहे. माझ्यात कुणी सुई-दोरा ठेवत नाही की गोळ्या ठेवत नाही. साबणाच्या वडीएवढं माझं अंग. एके काळी पांढरंशुभ्र होतं, आता पिवळट पडलंय. दुकानदार मला राउटर म्हणतात. प्रवासात बरोबर न्यायचा छोटा राउटर. पण ज्या घरात मी नांदले त्या घरानं मला डबी हे नाव दिलं, आणि मलाही ते आवडलं. सध्या मी एका हॉटेलच्या तळघरात, पाहुण्यांनी मागे टाकलेल्या वस्तूंच्या खोक्यात असते. माझ्या एका अंगाला कुणाची तरी कवळी आहे आणि दुसऱ्या अंगाला एकुलता एक पायमोजा.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. टेबलाच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका बसल्या होत्या. एकीनं माझ्या पोटात हिरवी पट्टी बसवली, एकीनं डोक्यावर दोन काड्या लावल्या, आणि शेवटच्या बाईनं अंगठ्यानं माझं झाकण दाबून बंद केलं. मग मला वायर लावली आणि यंत्रानं मला पहिलाच प्रश्न विचारला: ऐकू येतं का? मी दिवा लावून उत्तर दिलं, येतं. माझं सगळं आयुष्य या एवढ्याच कामात गेलं. एका बाजूचं ऐकायचं आणि दुसऱ्या बाजूला सांगायचं.

हे काम नेमकं काय, ते तुम्हाला सोपं करून सांगते. हॉटेलात उतरलं की तिथलं नेट वापरण्यासाठी खोलीचा नंबर घाला, आडनाव घाला, अशी कटकट असते. शिवाय कित्येक हॉटेलांत एका खोलीत एकाच वस्तूला नेट मिळतं. फोनला दिलं तर टॅबला नाही. अशा वेळी टेबलामागच्या खाचेत माझी वायर खोचायची. हॉटेलचं नेट मी एकटी घेते आणि खोलीपुरतं आपलं स्वतःचं नेट तयार करते. हॉटेलला वाटतं, खोलीत एकच पाहुणा आहे. माझ्या पदराखाली मात्र सगळं घर बसलेलं असतं.

माझं घर तिघांचं होतं. बाबा विमा कंपनीत नोकरीला होते. आई एका मोठ्या इस्पितळात नर्स होती. आणि त्यांची एकुलती एक लेक, खारू. हे काही तिचं खरं नाव नव्हे. विचार करताना ती पेन्सिलीचं टोक खारीसारखं कुरतडायची, म्हणून आईनं ते ठेवलं होतं. खारू बुद्धिबळ खेळायची. नुसती खेळायची नाही, मोठमोठ्या माणसांना घाम फोडायची. गावोगावी स्पर्धा असत, आणि स्पर्धा म्हटलं की हॉटेल आलंच. म्हणून तर मला विकत घेतलं.

पहिल्या हॉटेलातला तो दिवस मी विसरूच शकत नाही. खाच सापडेना म्हणून बाबा टेबलाखाली पोटावर सरपटत गेले आणि डोक्याला जळमटं लावून बाहेर आले. खारू पलंगावर उड्या मारत होती. आई माझ्याबरोबर आलेला कागद वाचून मला समजून घेत होती. मला जागं केलं, आपल्या फोनवर माझ्या सेटिंगचं पान उघडलं, ते तिनंच. पानानं विचारलं, नेटवर्कचं नाव काय ठेवायचं?

"काय ठेवू ग?" आईनं विचारलं.

"खारूची ढोली!" खारू पलंगावरूनच ओरडली.

झालं. त्या दिवसापासून मी जिथे जाईन तिथे खारूची ढोली उभी राहू लागली. एकदा नाव आणि पासवर्ड घातला की तिघांचीही यंत्रं मला कायमची ओळखत. नव्या गावातल्या नव्या हॉटेलात मला वायर लावायचा अवकाश, की आईचा फोन, बाबांचा फोन आणि खारूचा टॅब माझ्याकडे धावत येत. "डबी नसती तर आपलं काही खरं नव्हतं," बाबा म्हणायचे, आणि मला जुन्या मऊ रुमालात गुंडाळून बॅगेत ठेवायचे. माझ्यासारख्या वस्तूला याहून जास्त लाड माहीत नसतात.

पुढे खारू जिंकत गेली आणि स्पर्धा वाढल्या. बाबांनी नोकरी सोडली आणि ते पूर्णवेळ लेकीच्या मागे उभे राहिले. आईला नोकरी सोडून चालणार नव्हतं, म्हणून ती घरी राहिली. मग एक रीत पडून गेली. संध्याकाळी खारू टॅब चहाच्या किटलीला टेकवून ठेवायची आणि पलीकडे आई दिसायची. नर्सच्या कपड्यांत, इस्पितळाच्या छोट्या स्वयंपाकघरात, हातात चहाचा कप घेतलेली. आईला बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नव्हतं.

"आज तुझ्या घोड्यानं काय पराक्रम केला?" ती विचारायची.

"घोडा मेला ग आई. उंटानं वाचवलं."

"बिचारा घोडा. तू जेवलीस का?"

या बोलण्यात तसं काहीच नव्हतं. पण ते माझ्यातून जाताना खारूचं पेन्सिल कुरतडणं थांबलेलं असायचं, हे मी पाहत होते.

मित्रांनो, बाबा वाईट होते असं मी म्हणणार नाही. बसमध्ये खारूला आडवं होता यावं म्हणून ते रात्र रात्र उभे राहिले आहेत. थंड हॉटेलांत तिची बोटं आपल्या तळव्यांत धरून ऊब देत बसले आहेत. पण हरणं त्यांना सोसवत नसे. तिचं हरणं तर मुळीच नाही. ती हरली की ते तिला खोलीच्या भिंतीकडे तोंड करून उभं करत आणि हरलेला डाव पहिल्या चालीपासून तोंडपाठ म्हणायला लावत. मध्ये अडखळली की पुन्हा पहिल्यापासून. चूक कुठे झाली हे तिच्या तोंडून आल्याशिवाय जेवणाचं ताट पुढे येत नसे. ताट टेबलावर, माझ्या शेजारीच झाकलेलं असायचं. त्यावरची वाफ विरताना मी कितीदा पाहिली.

याच सुमारास बाबांना माझ्या पानावरचा एक कोपरा सापडला. तिथे माझ्याकडे आलेल्या प्रत्येक यंत्राचं नाव दिसतं आणि त्याच्यासमोर छोटी छोटी बटणं असतात. कोणत्या यंत्राला काय बघू द्यायचं आणि काय नाही, ते तिथे ठरतं. पहिल्यांदा त्यांनी सरावाच्या वेळात कार्टून बंद केली. त्यात काही गैर नव्हतं. कुणाचेही आईबाप करतील. मग एक डाव हरली तेव्हा गाणी गेली. आणखी एक हरली तेव्हा गोष्टी गेल्या. शेवटी टॅबवर बुद्धिबळ आणि आई, एवढंच उरलं.

खारूला स्पर्धेच्या सकाळी उलट्या होऊ लागल्या. बाबा न्हाणीघराच्या दाराशी टॉवेल घेऊन उभे राहायचे, तिच्या पाठीवरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, "झालं ना? आता बघ कसं हलकं वाटेल. चल."

एका संध्याकाळी किटलीला टेकवलेल्या टॅबमधून आईला खारूचं मनगट दिसलं. नर्सच ती. तिनं चहाचा कप खाली ठेवला.

"हात वर कर बघू. बाही मागे घे. खारू, वजन किती उतरलंय ग तुझं?"

खारूनं उलट्यांचं सांगून टाकलं. आईनं बाबांना फोनवर बोलावलं. बाबा फोन घेऊन न्हाणीघरात गेले आणि नळ सोडला, पण ते बोलणं माझ्यातूनच जात होतं.

"अहो, पोरगी आजारी आहे. थोडे महिने घरी आणा तिला. खेळ कुठे पळून जातोय?"

"तू तिला ढिली करतेस. रोज तुझ्याशी बोलली की दुसऱ्या दिवशी रडूबाई होते."

"रडूबाई नाही, लहान आहे ती."

"खेळातलं तुला काय कळतं?"

"खेळातलं नाही कळत. माझ्या लेकीतलं कळतं. या शनिवारी तुम्ही तिला घेऊन नाही आलात, तर मी येऊन नेईन."

बाबांनी नळ बंद केला. दुसऱ्या दिवशी खारू आंघोळीला गेली असताना त्यांनी माझं पान उघडलं, टॅबच्या नावापुढचं आणखी एक बटण फिरवलं, आणि ज्या अ‍ॅपवरून आई दिसायची ते दार लावून टाकलं. लगेच आईच्या फोनचं नाव शोधलं, आणि त्यालाही ढोलीत येण्याची बंदी केली. मग त्यांनी आईला फोन करून सांगितलं, "खारूच म्हणते की आईशी बोललं की लक्ष उडतं. मोठ्या स्पर्धांचा हंगाम होईपर्यंत नको म्हणते. तू आलीस तर ती कोसळेल. आणायचं तेव्हा मीच आणतो." आईनं एवढंच विचारलं, "तीच म्हणाली?"

"तीच म्हणाली."

त्या संध्याकाळी खारूनं टॅब किटलीला टेकवला. टॅब माझ्याकडे आला आणि म्हणाला, आईकडे जायचंय. मला नाही म्हणायला सांगितलेलं होतं. मी नाही म्हटलं. टॅबवर एक छोटं वर्तुळ गोल गोल फिरत राहिलं.

"बाबा, आई लागत नाहीये."

"नेट तर आहे ना? बुद्धिबळाची साइट उघड बघू."

साइट झटकन उघडली.

"म्हणजे नेट चालू आहे," बाबा म्हणाले. ते तिच्या शेजारी पलंगावर बसले, तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "हे बघ, तुला सांगणार नव्हतो. समोरच्या माणसानं आपल्याला काढून टाकलं ना, की असं गोल गोल फिरतं. आई रागावलीय आपल्यावर. घरी आलो नाही म्हणून."

खारू हुशार होती, मित्रांनो. पुराव्यावर विश्वास ठेवणारी होती. नेट चालू आहे, आई लागत नाही. तिनं तर्क लावला आणि तो तिला पटला. ती रडली नाही. फक्त रोज संध्याकाळी टॅब किटलीला टेकवून ते वर्तुळ बघत बसायची. मग हळूहळू तेही सोडलं.

पलीकडून आई निरोप पाठवतच होती. ते कुठल्याशा दूरच्या यंत्रात साठत होते आणि कुणीतरी येऊन विचारील याची वाट बघत होते. विचारायला जाणारी वाट माझ्या दारातून होती, आणि दार मी धरून बसले होते.

एका दुपारी, एका नव्याच गावात, दुसऱ्या दिवशी कुणाची गाठ कुणाशी ते बघायला बाबा खाली गेले होते. खारू पलंगावर पट मांडून बसली होती. तेवढ्यात माझ्या दाराशी ओळखीचं कुणीतरी आलं. तो आईचा फोन होता. आई न राहवून रजा टाकून, गाड्या बदलत, त्या गावी आली होती आणि स्पर्धेवाल्यांकडून पत्ता घेऊन आमच्या खोलीबाहेर उभी होती. तिनं लाकडी दारावर हात ठेवण्याआधीच तिच्या फोननं ढोलीचं दार वाजवलं होतं. मी त्याला नाही म्हटलं. मग लाकडी दार वाजलं.

"खारू? मी आलेय ग."

खारूच्या हातातला मोहरा पडला. ती उठली, दाराशी गेली, कडीवर हात ठेवला. कडी तिनं काढली नाही.

"माझी उद्या मॅच आहे," ती म्हणाली.

"माहितेय मला. मी काही बोलणार नाही. नुसती बघते आणि जाते."

"नको."

"खारू..."

"नको म्हटलं ना. जा तू."

नवऱ्यानं सांगितलेलं खरंच निघालं, असं आईला वाटलं असणार. लेकीनं नको म्हटलेलं असताना आपण उगाच आलो, तिचं लक्ष मोडलं, असंही वाटलं असणार. कारण ती म्हणाली, "चुकलं माझं, बाळा."

आणि दाराच्या आत खारूला वाटलं, आई आपल्याला काढून टाकल्याची कबुली देतेय. तिनं कडीवरचा हात काढून घेतला.

दारापाशी काहीतरी ठेवल्याचा आवाज आला. मग पावलं दूर गेली. खारूनं दार उघडलं तेव्हा बाहेर एक कापडी पिशवी होती आणि पिशवीतून विणलेल्या स्वेटरची बाही डोकावत होती. तिनं ती पिशवी न उघडताच कपाटात कोंबली. आम्ही ते हॉटेल सोडलं तेव्हा पिशवी कपाटातच राहिली. आई येऊन गेल्याचं खारूनं बाबांना सांगितलं नाही.

त्यानंतर खारू अशी खेळली की बघणाऱ्यांची बोटं तोंडात गेली. समोरच्याला ती बघतही नसे. आधी ती जिंकली की समोरच्याला काहीतरी गोड बोलायची. आता मोहरे गोळा करून उठून जायची. उलट्या थांबल्या. पेन्सिल कुरतडणं थांबलं. बाबा सगळ्यांना सांगत, "आता कसं लक्ष लागलंय बघा!" आणि मला रुमालात गुंडाळताना म्हणत, "डबीची कमाल."

माझं उभ्या आयुष्यातलं सर्वांत मोठं कौतुक ते. आणि तेच मला सर्वांत जास्त टोचतं.

शेवटी आम्ही या हॉटेलात आलो, जिथे मी आज आहे. हंगामातली सर्वांत मोठी स्पर्धा होती आणि खारू सगळ्यांच्या पुढे होती. दोनच डाव उरले होते. सकाळी बाबा मला लावायला गेले तर माझ्या चार्जरची तार आतून तुटलेली. दुपारी ज्याच्याशी गाठ होती त्या खेळाडूचे जुने डाव बघायचे होते, आणि ढोली बंद. बाबा नवा चार्जर आणायला बाजारात पळाले. जाताना म्हणाले, "डबी घेऊन खाली बस. मी आलोच."

खारू मांडीवर मला आणि टॅबला घेऊन खालच्या सोफ्यावर बसली. काउंटरवरच्या ताईनं तिला बघितलं.

"काय ग, नेट नाही लागत? आण इकडे, मी लावून देते."

"एका खोलीत एकालाच मिळतं ना?"

"तो नियम खोल्यांना. इथे खाली सगळ्यांना मोकळं आहे."

ताईनं टॅबवर दोनदा बोट आपटलं. आणि टॅब वाजू लागला. एक निरोप, मग दुसरा, मग इतके की आवाजात आवाज मिसळला आणि टॅब माझ्या अंगावर थरथरू लागला.

"अगंबाई!" ताई हसली. "किती मैत्रिणी आहेत तुला!"

"एकच आहे," खारू म्हणाली.

ती वाचत गेली. जेवलीस का? आज जिंकलीस, नेटवर नाव बघितलं, सगळ्या वॉर्डाला सांगितलं. थंडी आहे का तिकडे? स्वेटर विणतेय, रंग तुझ्या आवडीचा. माझ्यावर रागावलीस का? रागावली असशील तर तसं सांग, पण सांग. मी उद्या येतेय, बाबांना सांगू नकोस. आणि सर्वांत शेवटचा निरोप, दारातून परत गेली त्या दिवशीचा: दारातून तुझा आवाज ऐकला, तेवढा पुरला मला. आता नाही त्रास देणार. त्याच्यानंतर काही नव्हतं.

खारूनं ताईकडे चार्जर मागितला. माझ्या मापाचा एक निघाला. मला तिथेच काउंटरवर लावलं. माझ्या पानाचा पासवर्ड तिला ठाऊक होता. बाबांची बोटं तिनं रोज पाहिली होती. ती त्या कोपऱ्यात गेली. कार्टून बंद. गाणी बंद. गोष्टी बंद. आई बंद. खाली एका ओळीत आईच्या फोनचं नाव, आणि त्याच्यासमोरही बंद. ती त्या ओळीकडे बघत राहिली, पटाकडे बघायची तशी, पापणी न हलवता. मला वाटलं, आता ही बटणं फिरवील. तिनं एकही फिरवलं नाही. माझी वायर काढली, ताईला चार्जर परत दिला, आभार मानले. आईला तिनं चारच शब्द लिहिले: मला घ्यायला ये ना. आई तेव्हा ड्युटीवर होती. उत्तर आलं नाही.

बाबा घामाघूम होऊन नवा चार्जर घेऊन आले. खारू त्यांच्याबरोबर स्पर्धेच्या जागी गेली. खेळायच्या दालनात कुठलंही यंत्र नेऊ देत नाहीत, आणि आईबापांनाही काचेबाहेर उभं राहावं लागतं. म्हणून मी बाबांच्या हातात होते आणि मला सगळं दिसत होतं.

समोरचा खेळाडू चांगला दाढीवाला माणूस होता. खारूनं राजापुढचं प्यादं पुढे सरकवलं. त्यानंही आपलं प्यादं सरकवलं. मग खारूनं घड्याळ थांबवलं आणि त्याच्यापुढे हात केला. डाव सोडला.

दाढीवाला तिच्या हाताकडे बघतच राहिला. पंच धावत आले, वाकून तिला काही विचारलं. तिनं मान हलवली. पंचांनी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा मान हलवली. दालनात माना वळल्या. बाबांनी माझ्याभोवतीची मूठ आवळली आणि माझी एक काडी मोडली. त्यांना ते कळलंही नाही.

"काय झालं? पोटात दुखलं का? कुणी काही बोललं का? खारू!"

खारू गप्प. खोलीत आल्यावर गप्प. बाबांनी भिंतीकडे उभं राहायला सांगितलं, ती उभी राहिली. डाव म्हणून दाखव म्हणाले, तिनं दाखवला. एकच तर चाल होती. जेवणाचं ताट झाकलेलं राहिलं आणि तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. दुसऱ्या दिवशी शेवटचा डाव होता. काचेबाहेर या वेळी गर्दी होती. खारूनं प्यादं सरकवलं, घड्याळ थांबवलं, हात पुढे केला.

खोलीत येताच बाबा तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले. एवढा मोठा माणूस मी तसा कधी पाहिला नव्हता.

"बोल ना काहीतरी! शिव्या दे. मार मला. पण बोल. मी तुझा बाप आहे!"

खारूनं त्यांच्याकडे बघितलं. एक बोट उचललं आणि हवेत फिरवलं. गोल गोल, गोल गोल.

"कनेक्ट होत नाहीये," ती म्हणाली.

बाबांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. "तुझ्या भल्यासाठीच..." ते म्हणाले.

संध्याकाळच्या आत आई आली. या वेळी खारूनं तिला दार वाजवू दिलं नाही. ती आधीपासूनच दार सताड उघडं ठेवून उंबऱ्यात बसली होती. आईनं तिला उचललं तेव्हा तिचे पाय जमिनीला लागत होते, इतकी ती आता उंच झाली होती. खारूनं तिच्या कानात त्या बटणांचं सगळं सांगितलं. आईनं आरडाओरडा केला नाही. कपड्यांच्या घड्या घालत बसलेल्या नवऱ्याला एवढंच म्हणाली, "मी दाराबाहेर उभी होते. मला वाटलं, मी माझ्या लेकीलाच नकोशी झालेय. तसंच समजून मी घरी गेले आणि तसंच समजून रोज कामावर जात राहिले. हे तुम्ही केलंत."

बाबा घड्या घालत राहिले. घातलेली घडी मोडून पुन्हा घातली.

खारूनं आपली बॅग भरली. पट आणि मोहरे पलंगावरच ठेवले.

"हे नाही घ्यायचं?" आईनं विचारलं.

"नाही. मी आता खेळणार नाही."

"थोडे दिवस ना?"

"कधीच नाही."

"अगं, पण तुला किती आवडतं ते."

"आवडतं," खारू म्हणाली. "बाबांना त्याहून जास्त आवडतं. त्यांच्याकडून काढून घेण्यासारखं माझ्याकडे दुसरं काय आहे?"

आईनं तिला जवळ ओढलं. बाबांनीही ते ऐकलं. त्या खोलीत तेव्हा जिंकलेलं कुणीच नव्हतं.

मग बाबांना काय सुचलं कोण जाणे. माझ्या पोटाला एक बारीक भोक आहे. त्यात टाचणी घालून दाबून धरली की मी सगळं विसरते: नाव, पासवर्ड, कुणाला येऊ द्यायचं, कुणाला नाही. कारखान्यातून आले तशी होते. बाबांनी नव्या सदऱ्याला लावलेली टाचणी काढली आणि मला उचललं. "हे बघ, खारू. हे सगळं पुसून टाकतो. काही राहत नाही यात. मग तर झालं?"

खारूनं त्यांच्या बोटांतून टाचणी काढून घेतली. माझं पोट तिच्याकडेच होतं. एकदा दाबायचाच अवकाश होता.

"नको," ती म्हणाली. "तिला लक्षात राहू दे."

तिनं मला टेबलावर ठेवलं, टाचणी खिडकीबाहेर टाकली आणि आईचा हात धरून निघून गेली. बाबा आणखी थोडा वेळ बसले होते. जाताना त्यांनी पट घेतला, मोहरे घेतले, आणि माझ्यावर हॉटेलचा टॉवेल टाकला. सफाईवाल्या बाईला मी टॉवेलाखाली सापडले.

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी डबी तुमच्याही घरात असेल. तिला पडू देऊ नका, तिच्यावर पाणी सांडू नका, हे तर मी सांगेनच. पण खरं मागणं दुसरंच आहे. आम्हाला जे सांगाल ते आम्ही करतो. दार लाव म्हटलं की लावतो, आणि का, ते आम्हाला विचारता येत नाही. म्हणून दार लावायचंच झालं, तर ज्याच्यासाठी लावलं त्याला तोंडावर सांगा की हे दार मी लावलं आहे. तो रडेल, भांडेल, तुमच्यावर रागावेल. रागावू द्या. पलीकडचं माणूसच नाहीसं झालं, असं मात्र त्याला वाटू देऊ नका.

आणि तुमच्यापैकी कुणी कधी या तळघरात आलं, आणि मी हाताला लागले, तर तेवढी एक टाचणी शोधा. भोक पोटाच्या बाजूला आहे. फार जोर लावावा लागत नाही.